माय म्हणजे पाणी

आमच्याकडं आईला कुणी माय म्हणत नाही. आई म्हणतात, नाहीतर रानातली माणसं नुसतं 'आयं' म्हणतात. मायलेकी हा शब्द आहे, मायेची माणसंही आहेत, पण 'माय' अशी हाक लोणंदच्या आसपास मी लहानपणी कधी ऐकली नाही. मला ती पहिल्यांदा ऐकू आली कुवेतच्या एका दवाखान्यात, आणि तिथं तिचा अर्थ होता पाणी.

मिरजेला तीन वर्षं नर्सिंग शिकून मी तिकडं गेले होते. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की आपल्या बोलण्यात अरबी बरीच मुरलेली आहे. साबण म्हणजे साबून, खुर्ची म्हणजे कुर्सी, तारीख ती तारीखच, औषध म्हणजे दवा. मेलेल्या माणसाला ते मय्यित म्हणतात. आमच्या गावात मयत म्हणतात तेच. एखाद्या गोष्टीला मनाई असली की म्हणायचं ममनू. एवढ्या भांडवलावर मी वॉर्ड चालवायला लागले. बाकी हातवारे आणि आवाज. आवाज मला देवानं भरपूर दिलाय. थोरला भाऊ चिडवायचा, पाखरं राखायला गोफण कशाला पाहिजे, हिला बांधावर उभी करा.

हा भाऊ फौजेत होता. आमच्या भावकीत घरटी एक तरी माणूस फौजेत. त्यामुळं वर्दीची मला भीती नव्हती. वर्दी म्हणजे सुट्टीवर आलेला दादा, त्याची काळी पत्र्याची ट्रंक, कॅन्टीनचा साबण आणि आईनं पहिल्या दिवशी केलेलं कोंबडीचं कालवण. ती वर्दी दुसऱ्याच्या देशात गेली की कशी दिसते हा विचार आमच्या घरात कुणी केलेला नव्हता. मीही केला नव्हता.

नव्वद सालच्या ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी हॉस्टेलच्या खिडकीतून पाहिलं तर चौकात रणगाडा. मी आपली नेहमीसारखी गणवेश चढवून ड्यूटीवर गेले. वेडेपणाच तो, पण दुसरं काय करायचं हे सुचलं नाही. दवाखान्याच्या फाटकावर इराकी सैनिक उभे होते. त्यांनी माझं ओळखपत्र उलटं धरून पाहिलं आणि आत सोडलं.

लढाई म्हणतात ती एक-दोन दिवसांत संपली. मग सुरू झालं ते नुसतं राहणं. त्याची सवय लागते, हे मला आजही सांगायला बरं वाटत नाही. फोन बंद, टपाल बंद. मी जिवंत आहे हे लोणंदला कळवायची सोय नव्हती. पहाटे पावासाठी रांग लावायची आणि मग ड्यूटीला जायचं. दवाखान्यातली अर्धी माणसं निघून गेलेली. स्वयंपाकी गेला, धोबी गेला. आम्ही सहाजणी नर्सा उरलो होतो. पेशंटला भाताची पेज आम्हीच करायचो आणि चादरी न्हाणीघरातल्या टबात तुडवायचो. सैनिकांनी काही यंत्रं ट्रकमध्ये घालून नेली. त्यांचे आजारी सैनिक आले की आधी त्यांना बघायचं, मग गावातल्यांना. इन्सुलिनच्या बाटल्या मी बर्फाच्या डब्यात, पेजेच्या पातेल्यामागं लपवून ठेवायची.

एकदा एक सैनिक वाळूनं भरलेले बूट घालून सरळ ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात शिरला. मी चादरी धुऊन आलेले, कंबर मोडलेली. माझं डोकंच फिरलं. बूट काढ रं मुडद्या, असं मी त्याला अस्सल लोणंदच्या भाषेत खडसावलं. त्याला एक अक्षर कळलं नसणार. पण त्यानं बूट काढले, हातात घेतले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. पुढं त्याचीच नेमणूक आमच्या वॉर्डाच्या दारावर झाली. विशी-बाविशीचा असेल. तळहातांवर घट्टे होते, शेतकऱ्याच्या घरातला दिसत होता. मला बघितलं की आधी आपल्या बुटांकडं बघायचा.

त्याला दारावर का बसवलं होतं, ते सांगते. गावातले काही तरुण सैनिकांच्या विरोधात होते. त्यांच्यातल्या कुणाला गोळी लागली की तो आमच्याकडं यायचा, दुसरीकडं जाणार कुठं? आणि जखम गोळीची आहे असं कळलं की सैनिक त्याला खाटेवरून उचलून न्यायचे. म्हणून आमचे सर्जन, तिथलेच एक वयस्कर गृहस्थ, गोळीच्या भोकातूनच चीर वाढवून ऑपरेशन करायचे आणि केसपेपरवर लिहायचे, आतड्याला पीळ. नाव खोटं, वय खोटं, दुखणं खोटं. तो केसपेपर माझ्या अक्षरात असायचा. केसपेपरवर मी नुसता एक शब्द खोडला असता तरी मिरजेच्या आमच्या मेट्रनबाईंनी मला शिक्षा म्हणून उभं केलं असतं.

सप्टेंबरात असाच एकजण भाजीच्या गाडीतून आला. पोटात गोळी, आतडं तीन ठिकाणी फुटलेलं. सैनिक त्याला नावानं शोधत होते, घरापर्यंत जाऊन आले होते. सर्जननी ऑपरेशन केलं, आम्ही त्याला खोटं नाव दिलं आणि भिंतीकडच्या खाटेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी काळ्या पायघोळ अबायातली एक बाई आली. पन्नाशीची, जाडजूड, चालताना गुडघा धरणारी. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही त्याची आई. पण ती त्याची आई आहे हे वॉर्डात कुणाला कळता कामा नये. तिला सैनिक ओळखत होते ते नावानं, चेहऱ्यानं नाही. तिचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं की तो गेला, आणि कदाचित तीही.

माणसं अपुरी म्हणून बायका-पुरुष आता एकाच वॉर्डात होते. त्याच्या समोरच्या खाटेवर एक म्हातारी होती, अर्धांगाची, तिचं कुणीच मागं उरलं नव्हतं. आम्ही त्या बाईला म्हातारीची सून करून टाकलं. ती म्हातारीच्या उशाशी बसायची. पेज भरवायची, कूस बदलायची, पुठ्ठ्यानं वारा घालायची. समोर चार पावलांवर स्वतःचा मुलगा. त्याच्याकडं ती बघायची नाही. म्हणजे बघायची, पण मान म्हातारीकडं ठेवून. त्यालाही बजावलेलं होतं. तो डोळे मिटून पडायचा आणि ती उठली की त्याच्या पापण्या हलायच्या.

पोट फाडून आतडं शिवलेल्या माणसाला तोंडानं काही द्यायचं नसतं. पाणीसुद्धा नाही. नाकातून नळी, हाताला सलाइन, आणि खाटेला तशी पाटी. मिरजेला हे आम्हाला अंगात मुरवलेलं. मेट्रनबाई म्हणायच्या, पोरींनो, पेशंट रडेल, नातेवाईक पाया पडतील, तुम्ही विरघळायचं नाही. तो पाण्याचा थेंब नव्हे, विषाचा थेंब आहे. परीक्षेला मी त्याच प्रश्नावर सगळ्यांत जास्त लिहिलं होतं.

दोन दिवस तो बरा होता. तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी सकाळी पोट फळीसारखं कडक, लघवी बंद, बोटांची टोकं गार. मला नर्स होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, मला कळत होतं. सर्जन बघून गेले, पाटी मात्र तशीच ठेवली. दुसरं ऑपरेशन करायला भुलीचं औषधच शिल्लक नव्हतं.

दहाच्या सुमारास तो बोलायला लागला. माय. माय. आधी सभ्यपणे, मग सारखं. मी कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. तो बोळा चोखायला बघायचा आणि मी काढून घ्यायची. एक तासानं पुन्हा. मध्ये मला बाकीचा वॉर्ड होता.

सगळ्यांत आधी तो दारावरचा सैनिक उठला. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. "माय, सिस्टर," तो म्हणाला, "माय." मी म्हटलं, ममनू. त्यानं कमरेची स्वतःची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि खाटेकडं निघाला. ज्याला हुडकायला त्याला तिथं बसवलं होतं, त्यालाच पाणी पाजायला. मी त्याच्या हातातून बाटली हिसकावून घेतली. त्यानं काही केलं नाही. बुटांकडं बघत परत जाऊन बसला.

मग ती बाई उठली. तिनं बेसिनवर जाऊन औषधाच्या छोट्या पेल्यात पाणी घेतलं, अर्धा पेला असेल, आणि मुलाच्या दिशेनं नाही, माझ्या दिशेनं आली. समोर उभी राहिली. सैनिक बघत होता म्हणून ती जे काही बोलली ते कुणाही परक्या पोराबद्दल बोलावं तसं बोलली. बिचारा पाणी मागतोय, कुणाचा तरी मुलगा असेल, मी एक चमचा देते, असं काहीतरी. इतकी अरबी मला येत होती. सैनिकानंही मान हलवली, देऊ दे म्हणून.

"ममनू," मी म्हणाले. वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले.

ती पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं तो पेला म्हातारीला पाजला. म्हातारीनं अर्धं पाणी छातीवर सांडलं, ते तिनं ओढणीनं टिपलं, आणि वारा घालायला बसली.

दुपारच्या नमाजानंतर तो गेला. माय म्हणायचं त्यानं त्याआधी थोडा वेळ थांबवलं होतं. नळी काढली, सलाइन काढलं, त्याच्या तोंडावर चादर ओढली. ती वारा घालत होती. पुठ्ठ्याचा हात थांबला नाही, वेग बदलला नाही. वॉर्डबॉयनी स्ट्रेचर नेलं तेव्हा ते तिच्या गुडघ्याला घासून गेलं आणि तिनं पाय आत घेतला. मी केसपेपरवर खोट्या नावापुढं वेळ लिहिली. संध्याकाळी ती म्हातारीचे केस विंचरून, पेला धुऊन, पालथा घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

मी माझ्या मनाला सांगितलं की आपण बरोबर केलं. नियमानं केलं. कुणी विचारलं असतं तर पुस्तकाचं पान दाखवलं असतं.

पंधरा दिवसांनी आमची बस निघाली. बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवर वाळूतले तंबू, मग विमानानं मुंबई. पुण्याहून मिरजेची गाडी धरून लोणंदला उतरले तर फलाटावर निम्मी भावकी. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि तिथंच उंबऱ्यात बसून रडली. दोन महिने तिनं मला मेलेली धरलं होतं. पुढं आठवडाभर माणसं बघायला येत होती. युद्ध कसं असतं ते विचारायची. मी पावाच्या रांगेचं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. सुट्टीवर आलेल्या दादानं इराकी सैनिकांकडं कुठली रायफल होती ते विचारलं. मला सांगता येईना तर म्हणाला, अगं, तू दोन महिने तिथं राहून बघितलंस तरी काय?

त्या मुलाची गोष्ट मी फक्त आईला सांगितली. ती पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. सगळं सांगितलं: खोटं नाव, समोरची खाट, वारा घालणारी आई, तो माय माय करत होता ते. म्हातारीला पाजलेलं पाणी मात्र गाळलं, आणि बाटली हिसकावली तेही. आई ऐकत होती. शेंगा फुटत होत्या. मी गप्प झाल्यावर तिनं विचारलं, "मग त्याच्या आईनं पाणी घातलं का न्हाई त्याच्या तोंडात?"

आमच्याकडं माणूस जायला लागला की ज्याचं त्याचं माणूस तोंडात पाणी घालतं. चमचाभर, तुळशीचं पान बुडवून. कुणाला शाप द्यायचा असला तर म्हणतात, तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी मिळायचं न्हाई. माझ्या आईला युद्धातलं दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं.

"घातलं," मी म्हणाले.

ती बरं म्हणाली आणि टरफलं सुपात भरून बाहेर गेली.

पुढच्या वर्षी मी मिरजेला एका खासगी दवाखान्यात लागले. परत मिरज, परत तोच फिनेलचा वास, स्टेशनावरनं येणारी तीच कर्नाटकातली माणसं. त्या हिवाळ्यात साखर कारखाने सुरू झाले आणि बीडकडचे ऊसतोड मजूर सांगलीच्या मळ्यांत पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून उतरले. त्यांच्यातली एक सोळा-सतरा वर्षांची पोर बैलगाडीतून आली. लग्न झालेली, टायफॉइडनं आतडं फुटलेलं. ऑपरेशन झालं. नाकात नळी, हाताला सलाइन, खाटेला पाटी. केसपेपरवर या वेळी सगळं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी होती. पोर शुद्धीवर आली आणि म्हणायला लागली, माय. माय.

मी औषधाची ट्रॉली तिथंच सोडली आणि तिच्या खाटेशी जाऊन म्हणाले, पाणी मिळणार नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा मिळेल. ती माझ्याकडं बघत राहिली आणि परत म्हणाली, माय. मी बोळा ओला करून ओठ पुसले. तिनं तोंड फिरवलं. तरी सुरूच. दुपारपर्यंत मी तिला चारदा पाणी नाही म्हणून सांगितलं, चौथ्यांदा जरा ओरडूनच. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, सिस्टर, लय तहान लागलीया पोरीला. मी तिलाही गप्प केलं.

भेटायची वेळ चारनंतरची. वॉर्डाच्या दाराशी वॉचमनच्या स्टुलाजवळ एक बाई फडक्यावर बसलेली मी सकाळपासून पाहत होते. कोयत्यानं चिरलेली बोटं, डोक्यावरून पदर. येताजाता मी तिला ओलांडत होते. दोन वाजता मी बाहेर आले तर तिनं माझ्या गणवेशाची कड धरली.

"बाई," ती म्हणाली, "पोर मला हाका मारायलीय. जाऊ का आत?"

मी म्हटलं, हाका कुठं मारतीय, ती पाणी मागतीय.

ती माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघायला लागली. "नाही वो," ती म्हणाली, "माय म्हणायलीय. मी माय हाय तिची."

सकाळी आठपासून दोनपर्यंत. दाराच्या अलीकडं आई, पलीकडं पोर, आणि मधे मी, पाणी नाही म्हणून सांगत. मराठी माणूस, मराठी मुलखात, आणि मला आईचा शब्द पाणी म्हणून ऐकू येत होता.

वॉचमन म्हणाला, सिस्टर, टाइम झाला नाही. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईला आत नेलं, हात धुवायला लावले, खाटेशी बसवलं. पोरीनं तिचा हात धरला आणि गप्प झाली. थोड्या वेळानं ओठ चाटायला लागली. तहान तीही होतीच. आई म्हणाली, बाई, घोटभर देऊ का? मी नाही म्हणाले. ही पोर जगणार होती, तिला पाणी देता येत नव्हतं. पण कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि त्या बाईच्या हातात दिला. ओठांवरून फिरव म्हटलं, पिऊ देऊ नको. तिनं तो चिरलेल्या बोटांत धरून हळूहळू फिरवला. ओठांवरून, मग गालांवरून, मग कपाळावरून. मी अडवलं नाही.

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी कुवेतला ती बाई नुसतं पाणी मागत नव्हती. पाण्याचं निमित्त करून तिला सैनिकासमोर, कुणाला न कळता, मुलाला हात लावता आला असता. सैनिकसुद्धा मान हलवत होता. तो मुलगा वाचणार नाही हे मला सकाळीच कळलं होतं, मग माझं ममनू कुणासाठी होतं? आणि पाणी नाही तर नाही, बोळा तर माझ्याच हातात होता. तो तिच्या हातात द्यायला कुठल्याही पुस्तकाची मनाई नव्हती. मला सुचलं नाही. माझ्या हातून ते झालं नाही आणि ते आता कधी व्हायचं नाही. ट्रॉलीच्या खोलीत जाऊन मी खूप रडले आणि तोंड धुऊन साडेतीनची इंजेक्शनं दिली.

पोर बारा दिवसांनी चालत घरी गेली. घरी म्हणजे उसाच्या पाचटातल्या कोपीत.

पुढच्या सुट्टीला मी लोणंदला गेले. आई माडीच्या जिन्यात बसून तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, की मी तुला मागं खोटं बोलले. त्या पोराच्या तोंडात त्याच्या आईनं पाणी घातलं नाही. ती घालायला आली होती, मी घालू दिलं नाही.

आईनं वर पाहिलं नाही. एक खडा काढून बाजूला टाकला. "मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "घातलं असतं, तर मला इचारावं लागलं न्हसतं."

मग तिनं ताट बाजूला सारून मला बसायला जागा केली, आणि मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागले.